समोरच्या धारेवर

बहरीनमधल्या मुहर्रकचं आमचं घर विमानतळाच्या इतकं जवळ होतं की मोठं विमान उतरायला लागलं की आईच्या मांडणीतली ताटं किणकिणायची आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबायचा. विमान गेलं की वाक्य पुढे सुरू. पहिल्यांदा येणारे पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र सुट्टीत अकोल्याला गेल्यावर कुणी अखंड बोलत राहिलं की चमत्कारिक वाटायचं. बाबा विमानतळावर टेक्निशियन होते. त्यांच्या निळ्या बॉयलर सूटचा इंधनाचा वास कितीही धुतला तरी जायचा नाही, म्हणून आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. इमारतीच्या खालीच एका इराण्याची बेकरी होती. त्याच्या भट्टीतल्या खबूस रोट्यांचा वास जिन्यातून वर यायचा, आणि त्या वासात आमच्या तव्यावरची ज्वारीची भाकरी फुगायची. ज्वारीचं पीठ दर वर्षी अकोल्याहून बॅगेत भरून यायचं. ते संपत आलं की आई भाकरीचा आकार लहान करायची, पण भाकरी बंद करायची नाही. हमूर मासा ती वऱ्हाडी काळ्या मसाल्यात करायची, आणि एकदा चव घेतलेला माणूस पुन्हा येण्याचं निमित्त शोधायचा.

आई वऱ्हाडीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी हिंदी, दुकानात अरबी, 'यल्ला' म्हणजे चल आणि 'मफी' म्हणजे नाही. आम्ही कोण, हा प्रश्न त्या गल्लीत फार लवकर मिटायचा. घरमालक अबू यूसुफ आम्हाला 'हिंदी' म्हणायचा, म्हणजे भारतीय. समोरच्या दारातली, हॉस्पिटलात नर्स असलेली वसईची फिलोमिना आंटी हिंदी, कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदार हिंदी, आम्हीही हिंदी. घरात बुद्धाची मूर्ती होती. एप्रिलमधल्या जयंतीला बाबांसारखे पाच-पंचवीस जण अदलियात कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचे. आई पांढरी साडी नेसायची, खीर व्हायची, आणि मी भाषण करायची. आपले लोक कोण होते, त्यांनी काय सोसलं, काय सोडलं, हे मला तोंडपाठ होतं. पण ते मला कधी कुणी अनोळखी माणसानं तोंडावर विचारलेलं नव्हतं.

डोंगर आमच्या घरात आणले ते रावत काकांनी. ते बाबांच्याच शिफ्टला होते, हिमालयातल्या कुमाऊँचे, आणि एकटे राहायचे. शुक्रवारी ते जेवायला आमच्याकडे. जेवण झालं की ते सोफ्यावर मागे रेलून आपल्या मुलखाबद्दल बोलत. सकाळी दार उघडलं की समोर बर्फ, जूनमध्येही रजई, झाडावरून तोडून खायची काफळं. बहरीनच्या सपाट, पांढऱ्या उन्हात वाढलेल्या मला हे सगळं थोडं थापाच वाटायचं. मी पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे बेटाच्या मध्यावरचा तो एक जबल, ज्याच्या माथ्यावर बाबांची जुनी टोयोटा सरळ जायची. माझी बारावीची परीक्षा झाली त्या वर्षी बाबांनी ठरवलं की या खेपेला आधी हिमालय, मग अकोला. रावत काकांनी आपला मामेभाऊ दीवानसिंग याला कळवलं. तो प्रवाशांना डोंगरात हिंडवायचा. चार दिवस गावागावांतून चालायचं, मुक्काम घराघरांतून, असा बेत ठरला.

सपाट बेटावर डोंगराची तयारी कशी करायची? बाबांनी जिना काढला. आमची इमारत तीन मजली. आम्ही तिघं पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन गच्चीपर्यंत चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. खालून अबू यूसुफ मान वर करून बघत बसायचा. "जबल मफी, जिना है," असं तो हसत म्हणायचा, आणि आम्ही दमून थांबलो की खालूनच ओरडायचा, "यल्ला, यल्ला." ऊन कलल्यावर बुसैतीनच्या समुद्राकाठी चालणं. आईनं सूकमधून, म्हणजे बाजारातून, आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घेतले. बूट तिला काचायचे. ती ते घालून निघायची आणि हातात घेऊन परत यायची.

निघायला आठवडा राहिला असताना बाबा ड्यूटीवरून आले आणि दारातच म्हणाले, "लीव्ह खलास." त्यांच्या विभागातली दोन माणसं काम सोडून गेली होती, सगळ्यांच्या रजा रद्द. मी माझ्या खोलीत जाऊन पलंगावर पडले.  मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, भाकरी थापता थापताच.

"मंग मी जातो सुजाताले घेऊन."

आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. बाबा हसले. आई हसली नाही. बाबांनी विचारलं, "तू? एकटी?"

"एकटी काऊन? पोरगी हाय ना संगं. आन् तुमच्या रावतभाऊचा भाऊ हाय."

मनामाला जायचं तरी बाबांची सुट्टी बघणारी माझी आई. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि आपलं तिकीट तेवढं परत केलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांनी वाद घातला नाही हेच त्यांचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम.

दिल्ली, काठगोदाम, मग जीपमधून एक अख्खा दिवस वळणं आणि उलट्या, हे सगळं सोडून देते. मला सांगायचा आहे तो चालण्याचा पहिला दिवस. सडक जिथं संपली तिथं एका पत्र्याच्या लॉजवर आम्ही रात्र काढली होती. सकाळी दीवानसिंग आला. पस्तिशीचा, काटक, डोक्याला लोकरी टोपी, आणि आवाज इतका हळू की प्रत्येक वेळी पुढे वाकून ऐकावं लागायचं. आईला तो 'भाभीजी' म्हणाला, मला 'दीदी'. आईनं मुहर्रकहून आणलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी काढली. तो आमच्या शेजारी पायरीवर बसून पोटभर जेवला आणि चटणीत काय काय आहे ते विचारत राहिला. मग त्यानं डोंगरात वर कुठंतरी बोट दाखवलं. "आज मामी के गाँव तक. शाम से पहले पहुँच जाएँगे."

पहिला तास माझ्या जिन्यानं मला साथ दिली. दुसऱ्या तासाला कळलं की जिन्याला पायऱ्या सारख्या असतात, डोंगराला नसतात. वाट चीडच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांतून जायची. खाली पडलेल्या वाळक्या सुयांवरून पाय असा सटकायचा की जणू कुणी तेल ओतलंय. मी दोनदा आपटले. आईनं थोडा वेळ माझं बघितलं, मग दगडावर बसली, बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी चालू लागली. ओढणी तिनं कमरेला खोचली. तिची चाल बदलली. मुहर्रकच्या गल्लीत भिंतीच्या कडेनं चालणारी आई इथं वाटेच्या मधून चालत होती, पाऊल पूर्ण टेकवत, हात मोकळे सोडून. लहानपणी तिनं जंगलातून जळणाच्या मोळ्या आणल्या होत्या हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या मोळ्या वाहणारे पाय मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

वाटेत दोन गावं लागली. पहिल्या गावात घरांच्या दगडी छपरांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि बायका पटांगणात गहू झोडत होत्या. सूप पाखडल्याचा तो आवाज ऐकून आई थांबलीच. एका म्हातारीच्या हातातलं सूप घेऊन तिनं चार हात पाखडून दाखवलं, तशा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या गावाबाहेर दगडी घुमटीत झरा होता. एका सुनेनं कळशीतून आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. इतकं गार पाणी मी जन्मात प्यायले नव्हते, दात दुखले. तिनं दीवानसिंगला विचारलं, कोण पाहुणे? तो म्हणाला, "परदेस से आए हैं." तेवढ्यावर भागलं. रावत काकांची काफळंही खरी निघाली. लालभडक, शेंगदाण्याएवढी, आंबटगोड, आत बीच जास्त. आईनं ती पान गुंडाळून त्यात भरून घेतली आणि चालता चालता एकेक मला देत राहिली, मी चालावं म्हणून.

उन्हं कलायला लागली तेव्हा मामीचं गाव वर दिसलं. शेवटच्या चढावर दीवानसिंग थांबला. टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं आणि आईकडे न बघता माझ्याशी बोलला.

"दीदी, मामी पुराने ज़माने की है. पूछेगी, कौन लोग हुए. आप बोल देना, मराठा हैं. यहाँ किसको क्या पता चलता है."

रावत काकांनी त्याला आमच्याबद्दल काय सांगितलं होतं, मला माहीत नाही. बहुतेक सगळं. मी त्याचं बोलणं आईला सांगायला वळले, पण आईला तेवढं हिंदी कळत होतं. ती पुढे होऊन चढ चढू लागली.

मामीचं घर सुंदर होतं. खाली गुरांचा गोठा, वर राहायचं, आणि वरच्या दाराच्या चौकटीवर फुलांची नक्षी. पटांगण शेणानं सारवलेलं. मामी साठीची असावी, नाकात मोठी नथ, कमरेला खोचलेला कोयता. तिनं आमचे चेहरे बघितले आणि आधी चहा टाकला. स्टीलच्या पेल्यांत गुळाचा चहा आला. आम्ही पटांगणाच्या कठड्यावर बसलो होतो.  मी मनातल्या मनात त्या वरच्या खोलीतल्या अंथरुणावर आडवीही झाले होते.

"कौन लोग हुए ये?" मामीनं दीवानसिंगला विचारलं. प्रेमानंच विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आई चहा फुंकत होती. पेला खाली ठेवून ती मला म्हणाली, "म्या जनमभर सांगतलं. आता तू सांग. जे सांगायचं ते सांग."

तिच्या आवाजात धाक नव्हता, आग्रहही नव्हता. तिनं खरंच माझ्यावर सोडलं होतं. मी खोटं बोलले असते तरी तिनं मला तिथं खोटं पाडलं नसतं, एवढी मला तिची खात्री होती. मला आठवतं ते असं की माझ्या डोक्यात कुठलंच भाषण आलं नाही. पाय दुखत होते आणि मला एवढंच कळत होतं की मराठा म्हणाले तर आज रात्रभर ते मला सांभाळत बसावं लागेल.

"हम बौद्ध हैं," मी म्हणाले.

मामीला ते समजलं नाही. दीवानसिंग घाईनं म्हणाला, "जैसे लामा लोग होते हैं ना, मामी." मामीनं आमचे नाक-डोळे नीट न्याहाळले. "लामा तो नहीं लगते." मग पुन्हा मला, "उससे पहले क्या थे?"

मी आमच्या जातीचं नाव सांगितलं. जे घरात फक्त जुन्या गोष्टी सांगताना निघायचं ते. आणि गंमत अशी की त्या शब्दाचा तिथं काहीच परिणाम झाला नाही. मामीनं तो कधी ऐकलेलाच नव्हता. तिनं मान हलवली, जणू मी एखाद्या गावाचं नाव सांगितलं होतं. दीवानसिंगनं सुस्कारा सोडला. दार उघडंच होतं. चहाचे पेले उचलून आम्ही वर जायचं, एवढंच राहिलं होतं.

मग मी अर्थ सांगितला. आजही मला कुणी विचारलं की तू मोठी कधी झालीस, तर मी हीच वेळ सांगेन. "मतलब," मी म्हणाले, "हमारे लोगों को गाँव के बाहर रखते थे. कुएँ से पानी नहीं लेने देते थे."

मामीनं वरच्या दाराकडे बघितलं.  चेहरा तिचा कठोर झाला नाही, हे मला नमूद केलं पाहिजे. उलट ती अडचणीत सापडल्यासारखी दिसली. दीवानसिंगशी ती तिच्या भाषेत बराच वेळ बोलली. त्यानं खाली बघत हिंदीत सांगितलं, की वर देव आहे, घराण्याचा देव, तो रागावतो. त्यांच्याकडे असंच असतं. मामी खालचा गोठा झाडून देईल, गाय बाहेर बांधेल, नवं गवत अंथरेल, वर घोंगडी देईल. जेवण ती खाली आणून देईल. "हमारे यहाँ ऐसा ही ठैरा, दीदी," तो म्हणाला. "एक रात की बात है."

आईनं मला विचारलं, "तुह्या पायात हाय का दम?"

नव्हता. पण मी म्हणाले, "आहे." इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाले, हे आईनं पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. मला स्वतःला ते लक्षातही आलं नव्हतं.

आई उठली. तिनं दोन्ही पेले कठड्यावर नीट ठेवले. मामीपाशी गेली, हात जोडले, आणि तिच्या त्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाली, "चाय अच्छी बनी थी, बाई. हम आगे जाते." मग तिनं दरीपलीकडे बोट केलं. समोरच्या धारेवर, म्हणजे पलीकडच्या डोंगराच्या कण्यावर, चार-सहा घरं दिसत होती आणि एका छपरातून धूर निघत होता. "तिथं कोण राह्यते?"

दीवानसिंगनं बघितलं. "वहाँ? वहाँ तो लोहार लोग ठैरे, भाभीजी. वहाँ कोई नहीं रुकता. हमारे में उनका छुआ पानी भी नहीं चलता."

"आप बस पहुँचा दीजिए," मी म्हणाले.

मामी आम्हाला अडवायला दोन पावलं पुढे आली आणि थांबली. आम्ही वाटेला लागलो तेव्हा ती तशीच उभी होती, हातात आमचे पेले. इथं पुढचं थोडं आधी सांगून टाकते. परत आल्यावर रावत काकांना सगळं समजलं होतं. पहिल्या शुक्रवारी ते आले खरे, पण ताटाला हात लावेनात. "भाभीजी, मामी की तरफ़ से मैं..." असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. आईनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "मामीनं च्या चांगला केला होता," ती म्हणाली. "तुम्ही जेवा." ते जेवले आणि नंतरही दर शुक्रवारी येत राहिले. मामीचा तो प्रश्न त्यांच्या आणि आमच्या मध्ये कधी बसला नाही, कारण आईनं त्याला बसायला जागाच दिली नाही. मला वाटतं, मी असते तर इतकं सोपं केलं नसतं.

दरीत उतरणं म्हणजे त्या दिवसाचा सगळ्यात वाईट भाग. उजेड होता, पण दरीत सावली आधीच शिरली होती. मी बसत बसत, हातांनी दगड धरत उतरत होते. अर्ध्या वाटेत आईनं मला थांबवलं, माझ्या पाठीवरची सॅक काढून घेतली, ओढणीचा पिळा घालून गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर सॅक. स्वतःची पाठीवर होतीच. दीवानसिंग म्हणाला, "भाभीजी, मुझे दीजिए." आई म्हणाली, "तुमच्याजवळ हाय तेवढं रायू द्या." एक हात वर धरून ती पुढे, मधे मी, मागे दीवानसिंग. तिची मान जरासुद्धा हलत नव्हती. काही वेळानं दीवानसिंग मागून हळूच म्हणाला, "हमारी औरतें ऐसे ही चलती हैं." त्याच्या बोलण्यात आश्चर्य होतं.

तळाला ओढा होता. तो ओलांडताना आई पाण्याच्या मधोमध थांबली, पाय गार करत. सॅक डोक्यावर तशीच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बराबर सांगतलं तू."

एवढंच. चढावर मला त्या तीन शब्दांनी जेवढं चालवलं तेवढं काफळांनी नव्हतं चालवलं.

वस्तीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. पहिल्याच घरासमोर एक बाई गवताचा भारा उतरवत होती. माझ्या आईच्याच वयाची, सावळी, रुंद खांद्यांची. नंतर कळलं तिचं नाव हीरादेवी. नवरा आणि दीर खाली कामाला गेले होते. घरात ती, सासू आणि माझ्याहून थोडी लहान मुलगी. तिनं दीवानसिंगला ओळखलं आणि ती गोंधळली. असा माणूस तिच्या अंगणापर्यंत येत नसावा. तिनं काही विचारायच्या आतच मी बोलले. आता मला थांबावंसं वाटत नव्हतं.

"हम महाराष्ट्र के हैं, बहरीन में रहते हैं. हम बौद्ध हैं. पहले हमारे लोगों को गाँव के बाहर रखते थे. रात को रुकने की जगह चाहिए."

हीरादेवीनं आईकडे बघितलं. अनवाणी पाय, गळ्यात बूट, डोक्यावर सॅक. मग समोरच्या डोंगरावरच्या मामीच्या गावाकडे एकदा बघितलं आणि काय झालं असेल ते तिला सगळं समजलं असावं. तिनं हात पुढे करून आईच्या डोक्यावरची सॅक उतरवून घेतली.

"तो ये भी बाहर ही ठैरा," ती म्हणाली. "आओ, बैठो."

त्या घरात एकच खोली होती, धुरानं काळी झालेली, आणि चुलीपाशी इतकी ऊब की माझे डोळे आपोआप मिटू लागले. मुलीनं माझ्या पायांवर गरम पाणी ओतलं. त्यांचा झरा वेगळा होता, खालच्या अंगाला, बारीक धारेचा. ते पाणी तिनं केवढ्या लांबून आणलं असेल हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. काळ्या भटाची, म्हणजे तिकडच्या काळ्या सोयाबीनची, दाट डाळ शिजत होती. पीठ मडुव्याचं होतं, म्हणजे आपली नाचणीच. आई चुलीपाशी सरकली, परातीतलं पीठ बोटांनी चोळून बघितलं, आणि विचारल्यासारखं हीरादेवीकडे बघितलं. हीरादेवीनं परात पुढे केली. आईनं ताट पालथं घातलं, पीठ शिंपडलं आणि भाकरी थापायला घेतली. तळहाताखाली ती गोल गोल वाढत गेली, चंद्रासारखी सपाट, आणि पाण्याचा हात फिरवून तव्यावर पडली. सासू सरकत सरकत पुढं आली. शेजारच्या दोन बायका दारातून डोकावल्या, मग आत आल्या. दोन तळहातांवर उडवून रोटी करणाऱ्या त्या बायकांना हे नवीन होतं. मुलगी करून बघायला गेली, तिची मध्येच फाटली, आणि सगळी खोली हसली. एकीलाही दुसरीची भाषा धड येत नव्हती. मी मध्ये बसून भाषांतर करायला तयार होते, पण मला कुणी विचारलंच नाही.

दीवानसिंग बाहेर होता. अंगणाच्या दगडी कठड्यावर आपली पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. हीरादेवीनं एकदा दाराकडे बघितलं आणि पुन्हा चुलीत. तिनं त्याला विचारलं नाही. नकार ऐकायची तिला गरज नव्हती. आईनं ते बघितलं. एका ताटलीत दोन भाकरी, डाळ आणि मिठाचा खडा ठेवून ती मला म्हणाली, "जा, विचार त्याले. जबरदस्ती नको करू."

मी बाहेर गेले. उत्तरेकडची सगळी ढगांची भिंत तेवढ्यात बाजूला सरली होती आणि बर्फाची शिखरं उघडी पडली होती, गुलाबी, मग केशरी. रावत काका थापा मारत नव्हते. मी बघत राहिले, हातात ताटली घेऊन. दीवानसिंगला त्यांची नावं माहीत होती, पण त्या क्षणी त्यानं ती सांगितली नाहीत.

"दीवान भैया, खाना."

"किसने बनाया?"

"माँ ने."

त्यानं दाराकडे बघितलं. "चूल्हा तो इनका ही ठैरा," तो म्हणाला, स्वतःशीच.

"हाँ. इनका."

मी ताटली त्याच्या शेजारी कठड्यावर ठेवली आणि जरा बाजूला होऊन शिखरं बघत बसले. मला त्याला काही समजवायचं नव्हतं. सकाळी त्यानं आमच्या दशम्या खाल्ल्या होत्या, त्याची आठवणही करून द्यायची नव्हती. दिवसभरात माझं जे बोलून व्हायचं होतं ते दोनदा बोलून झालं होतं, आणि मला फार हलकं वाटत होतं. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. तो बाटलीतल्या पाण्यानं हात धूत होता. मग त्यानं ताटली उचलली, कठड्यावरच फिरून बसला, मामीच्या गावाकडे पाठ करून, आणि जेवला. सावकाश, एकेक घास चावून. डाळ बोटानं पुसून घेतली.

"मामी को मत बताना," तो म्हणाला.

मी मान हलवली. शब्द पाळला. मामी आता नसेलच, आणि दीवानसिंग असला तर म्हातारा झाला असेल. त्याला हे लिहिलेलं खपेल असं मी धरून चालते.

रिकामी ताटली घेऊन मी आत गेले. आई तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टेकवत होती.

"जेवला?"

"जेवला."

"दोनी?"

"दोन्ही."

आईनं निखाऱ्यावरची भाकरी उचलली, हातानं झटकून राख काढली आणि ताटलीत टाकली.

"मंग हे घेऊन जा. डोंगर चढनाऱ्या मानसाचं दोन भाकरीत कसं व्हईल."